चित्रांतल्या फाइली: सुरुवातीच्या पर्सनल कॉम्प्युटरवरच्या फाइल मॅनेजरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइल मॅनेजर म्हणजे फाइली पाहायचा, हलवायचा आणि पुसायचा प्रोग्राम. हे पान साधारण १९८१ ते १९९५ या काळातल्या अशा प्रोग्रामांबद्दल आहे. आयकॉन, फोल्डर, कचरापेटी हे सगळं याच काळात घडलं आणि बिघडलंही. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: स्क्रीनवर जे दिसतंय तेच डिस्कवर आहे का? त्या वेळच्या जवळजवळ प्रत्येक यंत्राने याचं उत्तर वेगळं दिलं आणि काहींनी चक्क थापा मारल्या.

फाइल मॅनेजर नव्हते तेव्हा लोक काय करायचे?

आज्ञा टाइप करायचे. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कॉपी करायला 'पिप' नावाचा प्रोग्राम होता. त्यात आधी कुठे न्यायचं ते लिहायचं, मग कुठून. पुढे डॉस आलं, त्यात क्रम बरोबर उलटा. एकीकडची सवय घेऊन दुसरीकडे गेलेल्याने ताज्या फाइलवर जुनी फाइल चढवली तर त्यात नवल नव्हतं. डॉसमध्ये 'डेल' लिहून पुढे तारका-टिंब-तारका दिलं की यंत्र एकदाच 'नक्की ना?' असं विचारायचं. 'वाय' दाबलं की डिरेक्टरी साफ. नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतरच्या शेपटीला तीन, एवढीच जागा. कुठली फाइल कशाची, हे माणसाने डोक्यात ठेवायचं.

पहिला ग्राफिकल फाइल मॅनेजर कोणता?

विकत मिळणाऱ्या यंत्रांपुरतं बोलायचं तर झेरॉक्स स्टार, एप्रिल १९८१. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९७३पासून आल्टो नावाची माऊसवाली यंत्रं चालू होती, पण ती दुकानात मिळत नव्हती. आयकॉनची कल्पना डेव्हिड कॅनफिल्ड स्मिथ यांनी १९७५ साली स्टॅनफर्डच्या पीएचडी प्रबंधात मांडली होती. तेच पुढे स्टारच्या गटात होते.

स्टारवर आयकॉन ओढायचे नसत. कीबोर्डवरच मूव्ह, कॉपी, डिलीट अशी वेगळी बटणं होती. आयकॉन निवडायचा, मूव्ह दाबायचं आणि जिथे न्यायचं तिथे क्लिक करायचं. प्रिंटरच्या आयकॉनवर कागद ठेवला की तो छापला जायचा, जावक टपालाच्या ट्रेवर ठेवला की रवाना व्हायचा. क्रिया तीच, फक्त ठिकाणाप्रमाणे परिणाम वेगळा. हा विचार इतका नेटका होता की आजच्या 'शेअर' बटणांच्या जंजाळात त्याची आठवण येते. एका यंत्राची किंमत मात्र सुमारे १६,५०० डॉलर होती. शिवाय जोडीला सर्व्हर, प्रिंटर आणि नेटवर्क असल्याशिवाय त्याची मजा नव्हती. ऑफिसांनी पाठ फिरवली.

ॲपलने हे सगळं झेरॉक्सकडून चोरलं ना?

१९७९ साली ॲपलची माणसं पार्कमध्ये गेली ती रीतसर. त्या बदल्यात झेरॉक्सला शेअर बाजारात येण्याआधीचे ॲपलचे शेअर दहा लाख डॉलरना घेऊ दिले गेले. तिथे त्यांनी पाहिलं ते आल्टोवर चालणारं स्मॉलटॉक हे प्रोग्रामिंगचं वातावरण. त्यात एकमेकांवर येणाऱ्या विंडो होत्या, मेनू होते, पण फाइलींचे आयकॉन मांडलेला डेस्कटॉप नव्हता. तो असलेला स्टार बाजारात आला तोवर ॲपलच्या लिसा या यंत्रावरचं काम बरंच पुढे गेलेलं होतं. उसनवारी झाली, यात वाद नाही. चोरी म्हणणं मला जड जातं.

लिसा अपयशी ठरली, मग तिच्याबद्दल एवढं का बोलायचं?

कारण फाइल हाताळण्याच्या बाबतीत लिसा नंतरच्या मॅकपेक्षा पुढे होती. जानेवारी १९८३मध्ये ती ९,९९५ डॉलरना बाजारात आली आणि त्या किमतीनेच बुडाली.

लिसावर 'प्रोग्राम उघडा, मग त्यातून फाइल उघडा' असा द्राविडी प्राणायाम नव्हता. डेस्कटॉपवर कोऱ्या कागदांचे पॅड असायचे. पॅडवर दोनदा क्लिक केलं की त्यातला एक कागद सुटा व्हायचा, त्यावर लिहायला लागायचं. काम झाल्यावर 'परत ठेवा' म्हटलं की कागद ज्या फोल्डरमधून काढला तिथे आपोआप जायचा. बंद करण्याचं बटण दाबलं तरी यंत्र लगेच विझत नसे. आधी उघडे कागद जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी सगळा पसारा होता तसा मांडायचं.

आणखी एक गोष्ट आज ऐकून लोक चकित होतात. लिसावर एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता येत. यंत्र प्रत्येक फाइलला आतून स्वतःचा क्रमांक देई आणि नाव हे फक्त माणसाच्या सोयीचं लेबल असे. टेबलावर 'पत्र' असं लिहिलेले दोन कागद असू शकतात, मग इथे का नकोत? तर्क बिनतोड होता. पुढच्या यंत्रांनी तो सोडून दिला.

मॅकवरचे पहिले फोल्डर 'खोटे' होते, असं म्हणतात. म्हणजे काय?

अक्षरशः खोटे. जानेवारी १९८४चा मॅकिन्टॉश १२८ किलोबाइट मेमरी आणि ४०० किलोबाइटची एक फ्लॉपी एवढ्या संसारावर चालायचा. त्याचा फाइल मॅनेजर, म्हणजे फाइंडर, ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिला. डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत, जिला एमएफएस म्हणत, ती पूर्ण सपाट होती. सगळ्या फाइलींची एकच यादी, आत-बाहेर काही नाही.

फोल्डर होते ते फाइंडरच्या कल्पनेत. कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये 'दाखवायची' याच्या खुणा ठेवलेल्या असत आणि फोल्डरांची नावं 'डेस्कटॉप' नावाच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये असत. फाइंडरमध्ये तुम्ही छान दहा फोल्डर करून पत्रं, हिशेब, चित्रं वेगळी लावा. मग मॅकराइट या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये जाऊन 'ओपन' म्हणा. समोर एकच लांबलचक यादी, फोल्डरचा मागमूस नाही! दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या फाइली ठेवता येत नसत, कारण डिस्कच्या लेखी त्या एकाच ठिकाणी होत्या. आणि ती लपवलेली फाइल नव्याने बांधायची वेळ आली की फोल्डर गायब, फाइली मात्र जागेवर.

सुरुवातीच्या फाइंडरमध्ये नवा फोल्डर करायची आज्ञासुद्धा नव्हती. प्रत्येक डिस्कवर 'रिकामा फोल्डर' नावाचा एक फोल्डर असायचा. त्याचं नाव बदललं की दुसरा रिकामा फोल्डर हजर.

४०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर हे खपून गेलं, कारण फाइली असून असणार किती? हार्ड डिस्क आल्यावर हे सोंग टिकेना. सप्टेंबर १९८५मध्ये २० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कबरोबर ॲपलने एचएफएस ही फाइली ठेवण्याची नवी पद्धत आणली आणि फोल्डर खरे झाले.

फ्लॉपी बाहेर काढायला ती कचऱ्यात का टाकावी लागायची?

मॅक पहिल्यांदा वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात या प्रकाराने गोळा आला असेल. डिस्क कचरापेटीकडे ओढायची म्हणजे सगळं पुसलं जाणार, असंच वाटतं. पण फ्लॉपी सुखरूप बाहेर यायची.

कारण मॅकच्या एकुलत्या एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये आहे. एका फ्लॉपीवरून दुसरीवर कॉपी करायची तर पहिली बाहेर काढून दुसरी घालावी लागे आणि तरी पहिली स्क्रीनवर दिसत राहायला हवी. म्हणून मेनूतून फ्लॉपी बाहेर काढली की तिचा फिकट आयकॉन मागे उरायचा आणि तिच्यावर काय काय आहे ते मॅक लक्षात ठेवायचा. हे भूत नको असेल तर तो फिकट आयकॉन कचऱ्यात टाकायचा: 'या डिस्कला आता विसर.' इथवर सगळं सुसंगत आहे. मग दोन पायऱ्यांची एक केली गेली: धडधडीत आयकॉन कचऱ्यात टाकला की डिस्क बाहेरही येईल आणि विसरलीही जाईल. जाणकारांना सोय झाली, नवख्यांना धडकी भरली.

त्यात त्या कचरापेटीचा स्वभावही बेभरवशाचा होता. यंत्र बंद केलं किंवा दुसरा प्रोग्राम सुरू केला की ती स्वतःच रिकामी व्हायची. आपण 'रिकामी करा' म्हणेपर्यंत कचरा राखून ठेवणारी पेटी १९९१च्या सिस्टिम ७मध्ये आली.

कुठली फाइल कशात उघडायची, हे मॅकला कसं कळायचं?

प्रत्येक फाइलबरोबर चार-चार अक्षरांच्या दोन खुणा असत: एक प्रकाराची, एक जन्मदात्या प्रोग्रामची. मॅकपेंटच्या चित्राला 'पीएनटीजी' आणि 'एमपीएनटी'. नावाशी याचा काही संबंध नाही, त्यामुळे नाव कसंही बदला, फाइल बरोबर ठिकाणीच उघडणार. डॉस आणि पुढे विंडोजने नावाच्या शेपटीवर भिस्त ठेवली. शेपटी बदलली की फाइलची ओळखच गेली. मॅकची पद्धत सरस होती, पण फाइल दुसऱ्या जातीच्या यंत्रावर गेली की त्या खुणा वाटेत गळून पडत. इंटरनेटवरून फाइली इकडून तिकडे जाऊ लागल्या तशी शेवटी शेपटीच जिंकली.

पीसीवरच्या जेममध्ये दोनच विंडो का असायच्या, त्याही न हलणाऱ्या?

वकिलांमुळे. गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्चने १९८५च्या सुरुवातीला जेम हे आयकॉन आणि विंडोंचं आवरण आणलं. त्यामागचे ली लोरेन्झेन झेरॉक्समधून आलेले. पहिल्या जेममध्ये ड्राइव्हचे आयकॉन, कचरापेटी, हलणाऱ्या विंडो सगळं होतं आणि ते मॅकसारखं दिसायचं. ॲपलने डोळे वटारले. त्याच वर्षी तडजोड झाली आणि पीसीच्या पुढच्या आवृत्तीत दोन बांधलेल्या विंडो उरल्या. कचरापेटी गेली, डेस्कटॉपवरचे ड्राइव्ह गेले.

गंमत अशी की ही तडजोड अटारी एसटी या यंत्राला लागू नव्हती. तिथे मूळ जेम, कचरापेटीसकट, वर्षानुवर्षं नांदलं.

१९८८ साली ॲपलने मायक्रोसॉफ्ट आणि ह्यूलेट-पॅकार्डवरही खटला भरला. वादातल्या १८९ गोष्टींपैकी १७९ गोष्टींचा परवाना ॲपलनेच १९८५च्या करारात मायक्रोसॉफ्टला देऊन ठेवला होता, असं न्यायालयाने ठरवलं. खटला १९९४पर्यंत अपिलात रेंगाळला आणि ॲपल हरली.

अमिगावर फाइली 'गायब' का व्हायच्या?

जुलै १९८५मध्ये आलेल्या अमिगाचं वर्कबेंच, म्हणजे तिथला डेस्कटॉप, निळं, पांढरं, काळं आणि नारिंगी अशा चार रंगांचं होतं. फोल्डरऐवजी त्यात ड्रॉवर असत. प्रत्येक आयकॉन म्हणजे डिस्कवरची एक वेगळी 'इन्फो' फाइल. ज्या फाइलला अशी जोडीदार नाही ती वर्कबेंचला दिसतच नसे. डिस्क भरलेली आणि विंडो रिकामी! फाइल शोधायला सीएलआय या मजकुरी विंडोत जाऊन आज्ञाच टाइप करावी लागे. 'सगळ्या फाइली दाखवा' ही सोय १९९०च्या वर्कबेंच २मध्ये आली. आयकॉन हलवून ठेवले तरी मेनूतून 'स्नॅपशॉट' घेतल्याशिवाय त्यांची नवी जागा लक्षात राहत नसे, हे आणखी वेगळंच.

एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवणाऱ्या इतक्या ताकदवान यंत्राला फाइली धड दाखवता येऊ नयेत, याचा वैताग लोकांना होता. त्यातूनच १९९० साली ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन पॉटर यांनी दोन याद्या शेजारी-शेजारी मांडणारा डिरेक्टरी ओपस लिहिला. तो आज विंडोजवर विकला जातो.

६४ किलोबाइटच्या कमोडोरवर असलं काही चालत होतं का?

चालत होतं, आणि झकास. बर्कली सॉफ्टवर्क्सचं जिओस हे आयकॉनवालं सॉफ्टवेअर, १९८६. डिस्क उघडली की वहीचं पान दिसायचं, पानावर आठ आयकॉन. पानाचा दुमडलेला कोपरा क्लिक केला की पुढचं पान. फ्लॉपीवर जास्तीत जास्त १४४ फाइली मावत, म्हणजे अठरा पानं. दुसऱ्या फ्लॉपीवर फाइल न्यायची तर आयकॉन खालच्या पट्टीत काढून ठेवायचा, फ्लॉपी बदलायची आणि पट्टीतून नव्या पानावर टाकायचा. माऊस नसेल तर हेच जॉयस्टिकने. तुटपुंज्या यंत्रात, सरकपट्ट्यांचा खटाटोप न करता, जे करता येतं तेवढंच पण स्वच्छ केलेलं. या पानावरच्या सगळ्या यंत्रांत मला सर्वांत आवडणारं हेच.

विंडोजची सुरुवात कशी होती?

रटाळ. नोव्हेंबर १९८५च्या विंडोज १मध्ये 'एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह' नावाची एक विंडो होती. वर ड्राइव्हची चित्रं, खाली फाइलींच्या नावांची यादी, संपलं. कॉपी करायची तर मेनूतून आज्ञा देऊन नाव टाइप करा. दिखाऊ नव्हतं, पण डिस्कवर जे होतं तेच दाखवत होतं.

मे १९९०मधल्या विंडोज ३.०ने याचे दोन तुकडे केले: प्रोग्राम मॅनेजर आणि फाइल मॅनेजर. इथून तो जगप्रसिद्ध घोळ सुरू झाला. प्रोग्राम मॅनेजरमधले सुबक आयकॉन म्हणजे फाइली नव्हत्या, फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी होत्या. भिंतीवरचा फोटो उतरवला म्हणून माणूस घर सोडून जात नाही. तसंच आयकॉन डिलीट केला तरी प्रोग्राम डिस्कवर ठाण मांडून असायचा. उलट फाइल मॅनेजरमधून प्रोग्राम उडवला तर आयकॉन मागे राहायचा आणि क्लिक केल्यावर तक्रार करायचा. हार्ड डिस्क मोकळी करायची म्हणून आयकॉन पुसत बसलेली माणसं त्या काळात कमी नव्हती.

३.०मधला फाइल मॅनेजर संथ होता. एप्रिल १९९२च्या ३.१मध्ये तो नव्याने आला: डावीकडे डिरेक्टरींचं झाड, उजवीकडे त्यातल्या फाइली. आजही एक्स्प्लोरर उघडलात तर हीच मांडणी दिसते.

ओढल्यावर फाइल कधी कॉपी होते, कधी मूव्ह. असं का?

एकाच डिस्कवर ओढली तर मूव्ह, दुसऱ्या डिस्कवर ओढली तर कॉपी. हा नियम १९८४च्या मॅकवर होता, फाइल मॅनेजरने तोच ठेवला आणि आजही चालू आहे. एकाच डिस्कवर फाइल हलवणं म्हणजे फक्त नोंद बदलणं, ते क्षणात होतं. दुसऱ्या डिस्कवर मात्र सगळा मजकूर वाहून न्यावा लागतो, आणि मधेच फ्लॉपी खराब निघाली तर मूळ प्रत हाताशी असलेली बरी. फ्लॉपीच्या काळात हे शहाणपणाचं होतं. आज सी आणि डी हे एकाच डिस्कचे भाग असताना या नियमाने गोंधळच वाढतो.

नॉर्टन कमांडर ग्राफिकल नव्हता, तरी सगळे त्याचं नाव का घेतात?

कारण तो वेगवान होता. जॉन सोचा यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९८६ साली आला. निळी स्क्रीन, दोन पॅनेल, एफ-५ कॉपी, एफ-६ मूव्ह, एफ-८ डिलीट. कुठून कुठे जायचं ते दोन्ही डोळ्यांसमोर, त्यामुळे चूक व्हायची शक्यता कमी. माऊसशिवायच्या साध्या पीसीवरही तो पळायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डॉसवर शिकलेल्या अनेकांची बोटं अजूनही एफ-५वर आपोआप जातात.

बाकीच्यांनी काही नवं केलं का?

ब्रिटनमधल्या एकॉर्नच्या रिस्क ओएसमध्ये, १९८९ साली, फाइल सेव्ह करण्यासाठी वेगळा फाइल मॅनेजर छोट्या खोक्यात उघडत नसे. सेव्ह म्हटलं की आयकॉन समोर यायचा, तो उचलून हव्या त्या फोल्डरच्या विंडोत टाकायचा. सरळ आणि खरं. हे बाकीच्यांनी का उचललं नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही.

नेक्स्टच्या यंत्रांवर शेजारी-शेजारी रकान्यांतून आत-आत जायची सोय होती. ती २००१च्या मॅक ओएस टेनमधून आजच्या फाइंडरमध्ये आली. आयबीएमच्या ओएस/२ २.०ने १९९२ साली लिसाचे कोऱ्या कागदांचे पॅड पुन्हा जिवंत केले, पण तोवर लोक विंडोजकडे निघाले होते.

विंडोज ९५ने नेमकं काय बदललं?

२४ ऑगस्ट १९९५ला प्रोग्राम मॅनेजर आणि फाइल मॅनेजर हे दोन तुकडे परत जोडले गेले. डेस्कटॉप हा डिस्कवरचा खरा फोल्डर झाला, त्यावरची फाइल ही खरी फाइल. बोट दाखवणाऱ्या आयकॉनला 'शॉर्टकट' म्हणून कोपऱ्यात बाण लावला, म्हणजे निदान खरं-खोटं ओळखता येऊ लागलं. नावं २५५ अक्षरांपर्यंत गेली, पण आत जुन्या प्रोग्रामांसाठी आखूड नाव जपलेलं असे. 'प्रोग्रा~१' हे भुताटकीचं नाव त्यातूनच आलं.

थापा संपल्या असं मात्र नाही. रिसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल 'डीसी१'सारखं नाव घेऊन एका लपवलेल्या फोल्डरात जाऊन बसायची. फ्लॉपीवरची फाइल डिलीट केली तर ती बिनमध्ये जातच नसे, थेट पुसली जायची. आयकॉन तोच, हावभाव तेच, परिणाम वेगळा.

मराठीत फाइलचं नाव कधीपासून देता येऊ लागलं?

विंडोज ९५ आणि ९८च्या काळात श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमुळे पत्राच्या आत मराठी छान दिसायचं, पण फाइलचं नाव विंडोज स्वतःच्या रोमन फॉन्टमध्ये दाखवायचं. त्यामुळे लग्नपत्रिका मराठीत आणि तिचं नाव रोमनमध्ये, असाच कारभार. लांब नावं डिस्कवर युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक पद्धतीच्या दोन-बाइटी अक्षरांत लिहिली जात, म्हणजे देवनागरीला डिस्कवर १९९५पासून जागा होती; ती दाखवायची ताकद वरच्या खिडकीत नव्हती.

देवनागरीचा आधार विंडोज २०००मध्ये आला. त्यासोबतचा मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. एक्सपीमध्येही कंट्रोल पॅनेलमधून ही सोय चालू करावी लागे आणि त्यासाठी सीडी मागितली जाई, हे पुष्कळांना आठवत असेल.

यांतलं काही आज वापरून पाहता येईल?

येईल. विंडोजचा तो जुना फाइल मॅनेजर मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल असा, खुला केला. तो विंडोज १०वर चालतो. नॉर्टन कमांडरची सवय असेल तर १९९३पासूनचा टोटल कमांडर आहे, एफ-५ जिथल्या तिथे. जुना मॅक, अमिगा आणि जिओससाठी एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, मिळतात. मॅकचा एम्युलेटर लावलात तर ४०० किलोबाइटची एमएफएस डिस्क घेऊन दोन फोल्डरांत एकाच नावाची फाइल ठेवून बघा.